पलंगापासून बाथरूमपर्यंत: घरातली म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून

सत्तरीतलं माणूस घरात पडलं की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, वय झालं आता, व्हायचंच. दुसरं, जरा बघून चालायला काय होतं. मला ही दोन्ही वाक्यं ऐकवत नाहीत, कारण पहिल्यात आपण हात झटकतो आणि दुसऱ्यात सगळा दोष पडलेल्या माणसावर टाकतो, आणि ज्या ओल्या फरशीवर, ज्या उंबरठ्यापाशी ते माणूस पडलं ती जागा मात्र तशीच राहते.

हा विषय किती मोठा आहे ते आधी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात, त्यातले ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि सगळ्यात जास्त ६० च्या पुढचे. खुब्याचं हाड मोडणं हे तर बहुतेक वेळा पडण्यामुळेच होतं, त्यातही कुशीवर आडवं पडल्यामुळे. आणि खुबा मोडला की नुसतं हाड जोडून भागत नाही, माणूस अंथरुणाला खिळतं, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, बरीच माणसं त्यातून वर्षभरात जातात आणि जी राहतात त्यातली कितीतरी पुन्हा पहिल्यासारखी एकटी बाहेर पडत नाहीत.

पण यात हातात असण्यासारखं खूप आहे. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने घरातले धोके काढून टाकण्याबद्दलचे जगभरातले प्रयोग एकत्र करून बघितले, तेव्हा पडण्याचं प्रमाण साधारण २६ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, आणि ज्यांना मुळातच धोका जास्त होता, म्हणजे आधी एकदा पडलेले किंवा आधाराशिवाय ज्यांना रोजची कामं जमत नाहीत असे, त्यांच्यात ३८ टक्क्यांनी. म्हणजे ज्यांना गरज जास्त त्यांना फायदाही जास्त. भिंतीत आधाराचा एक बार, एक दिवा, एक मॅट, अशा गोष्टींनी एवढा फरक पडत असेल तर ते न करणं मला तरी पटत नाही.

आता आपण पडतो कसे ते समजून घेऊ, कारण ते कळलं की घरात काय बदलायचं ते आपोआप कळत जातं. उभं राहणं, चालणं हे आपल्याला काहीच वाटत नाही पण मेंदू त्यासाठी सतत तीन ठिकाणाहून माहिती घेत असतो. डोळे सांगतात समोर काय आहे, आतल्या कानातल्या द्रव भरलेल्या बारीक नळ्या सांगतात की डोकं कुठे झुकलंय, आणि तळपाय सांगतात की खाली जमीन कशी आहे, सपाट की उतरती, कोरडी की ओली. यातली एखादी बातमी उशिरा आली तर बाकीच्या दोन सांभाळून घेतात. वय वाढलं की तिन्ही मंद होतात. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळं पडतं, मोतीबिंदू असेल तर आणखी कमी. जुना डायबेटिस असेल तर तळव्यांना बधिरपणा येतो, स्लीपर पायातून निसटली तरी कळत नाही. आणि ह्या सगळ्यावर, तोल गेला की पटकन एक पाऊल टाकून स्वतःला सावरायचं असतं, ते पाऊल टाकायला लागणारी मांडीतली ताकद आणि चपळाई दोन्ही कमी झालेली असते. तरुण माणूसही रोज कुठेतरी अडखळतं, फक्त ते सावरतं.

आणखी एक गोष्ट आहे जी मला कळली तेव्हा माझी घराकडे बघायची नजरच बदलली. चालताना पुढे जाणारा चवडा जमिनीपासून अगदी खालून जातो तेव्हा तो जेमतेम एक ते दोन सेंटीमीटर वर असतो. बस एवढाच. थकल्यावर, रात्री झोपेत, गुडघे दुखत असताना तो त्याहून खाली येतो, पाय घासतच जातो. म्हणजे सतरंजीची दुमडलेली कड, एक्स्टेन्शन बोर्डची वायर, बाथरूमच्या दारातली अर्ध्या इंचाची मार्बलची पट्टी, हे सगळं त्या पायाच्या उंचीचंच आहे. बघून चालायला काय होतं असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग सुरुवात कुठून करायची? माझं म्हणणं असं की सगळं घर एकदम सुधारायला जाऊ नका, त्यात खर्चाचा आकडा ऐकून घरचे गप्प बसतात आणि काहीच होत नाही. आधी एकच वाट बघा, रात्री पलंगापासून संडास-बाथरूमपर्यंतची आणि परतीची. कारण या वाटेवर सगळे धोके एकाच वेळी जमलेले असतात, अंधार, अर्धवट झोप, लघवीची घाई, झोपेच्या किंवा बीपीच्या गोळीचा असर, ओली फरशी, आणि आवाज दिला तरी कुणी जागं नसणं. रात्री सगळे झोपल्यावर दिवे बंद करून तुम्ही स्वतः त्या पलंगावर आडवे व्हा आणि उठून जा. चष्मा असेल तर काढून जा. हात कुठे कुठे जातो बघा, दाराची चौकट, कपाटाची कड, खुर्चीची पाठ, वॉशिंग मशीन. जिथे जिथे हात आधार शोधतो तिथे खरा आधार हवा, आणि जिथे तो हलणाऱ्या वस्तूवर पडतो, म्हणजे चाकाची खुर्ची, ओट्याखालची ट्रॉली, लटकता पडदा, तिथे माणूस पडणार आहे.

पलंगापासूनच बघू. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात आले पाहिजेत, बहुतेकांना ४५ ते ५० सेंटीमीटर उंची त्यासाठी बरोबर पडते. जुने लाकडी पलंग उंच असतात, पाय लोंबकळतात, आणि आताचे काही दिवाण इतके खाली असतात की उठताना दोनदा झोका घ्यावा लागतो. मऊ गादीची कड दबून माणूस सरकत खाली येतं, तेव्हा कडेला घट्ट गादी हवी. मच्छरदाणी हा आपल्याकडचा खास धोका आहे, रात्री घाईत बाहेर येताना पाय तिच्या झालरीत अडकतो, म्हणून ज्या बाजूने उतरायचं तिथली बाजू सहज सुटेल अशी ठेवा, किंवा खिडक्यांनाच जाळ्या बसवून मच्छरदाणीची गरजच कमी करा. लोंबणारी चादर, गोधडी आत खोचा.

उठायचं कसं हेही महत्त्वाचं. उभं राहिलं की रक्त पायाकडे उतरतं आणि लगेच वर चढत नाही, वय झालेल्या शरीरात रक्तवाहिन्या आवळायला वेळ लागतो, मग डोळ्यापुढे अंधारी येते. म्हणून आधी कडेला बसायचं, एक-दोन मिनिटं, पावलं वरखाली हलवायची, मग आधार धरून उभं राहायचं, आणि लगेच चालायला न लागता क्षणभर तिथेच थांबायचं. पूजेला किंवा जेवायला जमिनीवर बसून उठतानाही हेच. एकादशीचा किंवा चतुर्थीचा कडक उपवास, त्यात उन्हाळा, त्यात डायबेटिसची गोळी चालूच, असं असेल तर चक्कर येण्याची शक्यता आणखी वाढते, तेव्हा उपवासाच्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

उजेडाबद्दल. झिरोचा बल्ब वर छताजवळ लावला की खोलीत नुसती अंधुक लाली पसरते, जमीन दिसत नाही. उजेड जमिनीवर पडायला हवा. आता चार्जिंगचे मोशन सेन्सर दिवे मिळतात, चिकटपट्टीने भिंतीला पायाच्या उंचीवर लागतात, माणूस हललं की पेटतात, वायरिंग काही करावं लागत नाही. एक पलंगाजवळ, एक वळणावर, एक बाथरूमच्या दाराशी. बाथरूमचा दिवा ज्यांना डोळ्यावर येतो ते तो लावतच नाहीत, म्हणून तिथे भगभगीत पांढऱ्याऐवजी सौम्य पिवळा लावा. लाईट जाणाऱ्या गावात उशाशी टॉर्च, आणि ती दोरीने पलंगाला बांधलेली, नाहीतर ऐनवेळी सापडत नाही. चष्मा पण त्याच जागी, रोज एकाच जागी.

वाटेवरचं सामान काढणं फुकट आहे आणि ते आजच होतं. पायपुसणं हे मला सगळ्यात वाईट वाटतं, गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाईल्सवर टाकलेलं जुन्या कापडाचं पायपुसणं पाय पडला की माणसाला घेऊन पुढे सरकतं. खाली रबर असलेलंच वापरा आणि ते रबर झिजलं की बदला. फोनच्या चार्जरची वायर, नातवंडांची खेळणी, पेपरची रद्दी, दारातला चपलांचा ढीग, हे चालायच्या पट्ट्यातून बाजूला. फरशी पुसल्यावर ओल्यावरून कुणी जाऊ नये म्हणून कामाला येणाऱ्या ताईंना सांगा की आजी-आजोबा नाश्ता करत बसलेले असताना त्यांच्या वाटेची फरशी आधी पुसून घ्या, फॅन लावा. फिनेल किंवा लिक्विड जास्त झालं की त्याचा थर राहतो आणि फरशी कोरडी दिसूनही निसरडी असते.

आता बाथरूम. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. आपल्या फ्लॅट्समध्ये बाथरूमची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली असते आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात कडप्प्याची किंवा मार्बलची पट्टी असते, म्हणजे एकाच जागी आधी चढ आणि मग उतार, आणि उतार थेट ओल्या जमिनीवर. ही पट्टी काढता येत नसेल तर तिच्यावर गडद नाहीतर भडक रंगाची अँटीस्किड टेप लावा, म्हणजे ती दिसते, आणि दाराच्या चौकटीलगत भिंतीत एक उभा बार बसवा, म्हणजे पाऊल टाकताना हात त्याच्यावर असतो. रंगाचं म्हणाल तर पांढरी फरशी, पांढरी भिंत, पांढरं कमोड हे दिसायला छान पण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना कमोडची कड कुठे संपते तेच कळत नाही. गडद रंगाची सीट बसवली तरी केवढा फरक पडतो.

पाय का घसरतो तर तळवा आणि टाईल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि पकड सुटते, साबण असेल तर थर आणखी निसरडा. टाईल जेवढी गुळगुळीत तेवढा हा थर अखंड राहतो. खडबडीत टाईलवर पाणी खळग्यांत उतरतं आणि पायाला दगड लागतो. टाईल घेताना दुकानदाराला आर रेटिंग, म्हणजे टाईलच्या पकडीचा आकडा, विचारा, आर ९ सगळ्यात कमी पकडीची, बाथरूमसाठी आर १० किंवा आर ११ मागा. जुन्या टाईल्स फोडायच्या नसतील तर रबरी मॅट टाका, पण एक लक्षात घ्या, खाली वाट्यांसारखे सक्शन असलेली मॅट फक्त गुळगुळीत टाईलला चिकटते, खडबडीत टाईलवर तीच मॅट सटकते. आणि मॅटखाली साबणाचा चिकटा जमतो, म्हणून रोज अंघोळी झाल्यावर उचलून उभी करून वाळवायची. अंघोळ झाली की वायपर मारायचा, हे घरातल्या तरुण माणसांचं काम आहे, म्हाताऱ्या माणसाने वाकून वायपर मारायचा नाही.

अंघोळ बसून करा. पाटावर किंवा जमिनीवर बसणं नको, उठवत नाही. चार भक्कम पायांची, पायांना रबरी बूच असलेली शॉवर चेअर घ्या, साधी हलकी प्लास्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर पाय फाकवते. बादली जमिनीवर असली तर प्रत्येक मगासाठी वाकावं लागतं आणि डोकं खाली-वर झालं की तोल जातो, म्हणून बादली छोट्या स्टुलावर, म्हणजे हाताच्या उंचीला. हँड शॉवर असेल तर उत्तमच. साबण, टॉवेल, कपडे बसल्या जागी हाताशी.

दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंगस्नान मला दरवर्षी काळजीत टाकतं. अंधार, थंडी, अंगभर तेल, उटणं, आणि सगळ्यांची एकच घाई. तेल बाहेर खुर्चीत बसवून लावा, तळवे कापडाने कोरडे पुसा, मग हात धरून आत न्या, आणि एकाची अंघोळ झाली की पुढच्याच्या आधी फरशी साबणाने घासून घ्या. आजोबांची अंघोळ पहिली ठेवा, म्हणजे त्यांना कोरडी जमीन मिळते.

बार बसवताना लोक एक चूक हमखास करतात, टॉवेलच्या दांडीलाच आधार समजतात. ती दांडी टॉवेलसाठी आहे, दोन छोट्या स्क्रूंवर उभी आहे. पडणारं माणूस साठ-सत्तर किलोचं असतं आणि ते झटक्याने लोंबकळतं. सक्शनने चिकटणारे हँडलही नकोत, ते कधी सुटतील सांगता येत नाही. स्टीलचा ग्रॅब बार घ्या, जाडी ३८ ते ४५ मिलिमीटर म्हणजे मूठ पूर्ण वळते, आणि तो विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर फास्टनरने बसवा, लाकडी गिट्टी ठोकून नाही. ब्लॉकची पोकळ भिंत असेल तर मिस्त्रीला तसं आधी सांगा, त्याला वेगळे फास्टनर लागतात. बसवून झाल्यावर तुम्ही स्वतः सगळं वजन टाकून ओढून बघा. कुठे बसवायचा? अपंगांच्या सोयीसाठी जे सरकारी निकष आहेत त्यात कमोडची सीट ४५ ते ४८ सेंटीमीटर उंच आणि आडवा बार सीटच्या साधारण २० सेंटीमीटर वर असं दिलंय, पण माझं ऐकाल तर ज्यांच्यासाठी बसवायचाय त्यांना बसवा, उठायला सांगा, हात जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करा. सीट खाली असेल तर वरून बसवायच्या उंच सीट मिळतात. भारतीय संडास असेल तर त्यावर कमोड खुर्ची ठेवता येते, तिचे पाय पक्के बसलेत का ते रोज बघायचं.

आणि कडी. आतून कडी लावलेलं माणूस पडलं आणि दार आत उघडणारं असलं तर त्याचंच शरीर दाराला अडकतं, मग दार तोडेपर्यंत वेळ जातो. बाहेरून नाण्याने उघडेल असं लॉक बसवा, शक्य असेल तर दार बाहेर उघडेल असं फिरवून घ्या. तोपर्यंत, कडी न लावता दारावर टॉवेल टाकला की आत कुणीतरी आहे, अशी घरात पद्धत पाडा.

जिना. वाड्यांतल्या खड्या लाकडी जिन्याला धरायला वरून दोर सोडलेला असायचा, म्हणजे आपल्या आधीच्या लोकांनाही कळत होतं की हाताला काहीतरी हवं. कठडा दोन्ही बाजूंनी हवा, कारण अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या माणसाचा एकच हात चालतो आणि चढताना जो उजवीकडे असतो तो कठडा उतरताना डावीकडे येतो. शेवटच्या पायरीच्या पुढेही साधारण ३० सेंटीमीटर कठडा गेला पाहिजे, माणसं शेवटच्या पायरीवरच हात सोडतात. पायऱ्यांची उंची सारखी आहे का ते पट्टीने मोजा. दोन-तीन पायऱ्या चढल्यावर पायाला उंची पाठ होते, डोळे बघायचं सोडतात, आणि मग एखादी पायरी एक सेंटीमीटरने जरी वेगळी असली तरी चवडा अडकतो. आपल्याकडे जुन्या फरशीवर नवीन टाईल्स चढवल्या की पहिली नाहीतर शेवटची पायरी हमखास वेगळी होते. प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी ओढा. दुहेरी चष्म्यातून जिना उतरू नये हेही सांगा, खालचा भाग वाचायचा असतो, त्यातून पायरी धूसर दिसते, डोळ्यांच्या डॉक्टरांना फक्त लांबचा एक चष्मा मागून घ्या.

स्वयंपाकघरात एकच नियम, रोज लागणारं सगळं कमरेपासून खांद्यापर्यंत. गणपती-दिवाळीच्या आधी जळमटं काढायला, पडदे काढायला, माळ्यावरची पितळी भांडी उतरवायला जी बाई स्टुलावर चढते ती बहुतेक साठीच्या पुढची असते, कारण तिला माहीत असतं की दुसरं कुणी करणार नाहीये. त्या आठवड्यात तुम्ही रजा काढा आणि तुम्ही चढा. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात जांभ्याच्या अंगणावर, पाखाडीवर म्हणजे दगडी पायवाटेवर, विहिरीच्या कडेला शेवाळ येतं, ते ब्लीचिंग पावडर टाकून, घासून, पावसाळाभर पुन्हा पुन्हा काढावं लागतं. चालायची एक वाट तरी स्वच्छ ठेवा.

पायात काय आणि अंगावर काय. तळ झिजलेली हवाई चप्पल, थंडीत टाईल्सवर नुसते मोजे, दोन्ही नको. मागून पट्टा असलेली, खाली खाचा असलेली चप्पल घरातही चालेल, बधिर पायांना तर हवीच. साडी, परकर, गाऊन, लुंगी घोट्याच्या वर, बाईंनी टेलरकडून दोन इंच दुमडून घ्यावं.

पण घर कितीही नीट केलं तरी आतून चक्कर आली तर माणूस पडणारच, म्हणून गोळ्यांकडे बघायलाच हवं. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या, बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या, साखर उतरवणाऱ्या, एवढंच काय सर्दीच्या साध्या गोळ्याही गुंगी किंवा चक्कर आणतात. एक गोळी फॅमिली डॉक्टरांची, दोन हार्टवाल्यांची, एक शेजारच्या मेडिकलवाल्याने दिलेली, आणि सगळ्या एकत्र कुणीच बघितलेल्या नसतात. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून एका डॉक्टरांसमोर ओता आणि विचारा, यातल्या कशाने तोल जाऊ शकतो, लघवीची गोळी रात्रीऐवजी सकाळी देता येईल का. स्वतःच्या मनाने मात्र एकही बंद करू नका. घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं राहून एकदा मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा, वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते लिहून डॉक्टरांना दाखवा.

आणि ताकद. खुर्चीतून हात छातीशी घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते शेजारी उभं राहून मोजा. ७० ते ७४ वयात पुरुषांना १२ पेक्षा आणि बायकांना १० पेक्षा कमी जमलं तर धोका जास्त धरतात. हीच परीक्षा आणि हाच व्यायाम. खुर्चीतून उठ-बस, ओटा धरून टाचा वर करणं, ओट्याच्या कडेने एका पावलापुढे दुसरं लावत चालणं. तोल आणि ताकदीच्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं हे २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलंय, पण ते आठवडाभर करून होत नाही, महिनोन्महिने करावं लागतं, आणि सुरुवात फिजिओथेरपिस्टला दाखवून केलेली बरी. एकदा पडल्यावर पुष्कळ माणसं भीतीने चालणंच बंद करतात आणि घरचेही म्हणतात तू बस, मी आणते. त्यात प्रेम असतं, पण बसून राहिलं की मांडीचे स्नायू भराभर आटतात आणि पुढचं पडणं जवळ येतं. त्यांना कामं करू द्या, फक्त ती करायची जागा सुरक्षित करून द्या.

हे सगळं बोलायचं कसं, तर हुकूम सोडून नाही. आई, बाथरूममध्ये बार बसवतोय असं म्हटलं की उत्तर येतं, मी काय एवढी म्हातारी झाले का. तेव्हा आई, पडशील ना असं म्हणू नका. आई, मलाही ओल्यात आधार लागतो, कुठे बसवू तू सांग, असं म्हणा, खुणेची पेन्सिल तिच्या हातात द्या. मुलं परदेशात आणि आईबाबा पुण्यात-नाशकात दोघंच असं असेल तर व्हिडिओ कॉलवर त्यांना सोफ्यावर बसवून गप्पा मारण्यासोबत एकदा फोन जमिनीकडे करून पलंगापासून बाथरूमपर्यंत हळूहळू नेऊन दाखवायला सांगा, आणि शेजाऱ्यांकडे घराची एक किल्ली ठेवा.

एवढं करूनही कुणी पडलं तर पहिली गोष्ट, काखेत हात घालून ओढून उठवू नका. थांबा, बोला, कुठे दुखतंय विचारा. जांघेत खूप दुखत असेल, पाय टेकवत नसेल, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल तर खुबा मोडल्याची शक्यता आहे, तिथेच पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. मालीश नाही, ओढून बसवणं नाही, दोन दिवस वाट बघणं तर अजिबातच नाही, कारण खुब्याचं ऑपरेशन दोन दिवसांच्या आत झालेलं चांगलं. काही मोडलेलं नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग हात-गुडघ्यांवर, रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत जायचं, सीटवर हात ठेवून चांगला पाय पुढे टेकवून उठायचं, हे बरं असताना गादीवर एकदा करून बघितलेलं असावं. एकटं राहणाऱ्या माणसाने फोन खिशात किंवा गळ्यात ठेवावा, टेबलावरच्या फोनपर्यंत जमिनीवरून हात पोचत नाही आणि तासनतास जमिनीवर पडून राहिलं की स्नायू आणि किडनी दोन्हीवर परिणाम होतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन आहे, मदत, चौकशी यासाठी, पण ॲम्ब्युलन्ससाठी १०८ च.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटत असलं तरी लगेच हॉस्पिटल. गोळ्या नसल्या तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा, म्हाताऱ्या माणसात कवटीच्या आत रक्त हळूहळू साठत जातं आणि कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी सतत झोप, गोंधळल्यासारखं बोलणं, वाढती डोकेदुखी, चालताना एका बाजूला जाणं असं काहीतरी दिसायला लागतं. तेव्हा घरच्यांना तो जुना मार आठवत नाही आणि वय झालं असं म्हणून सोडून दिलं जातं. म्हणून पडल्याची तारीख, वेळ, जागा, काय करत होते, कुठली गोळी घेतली होती हे कॅलेंडरवर तिथल्या तिथे लिहून ठेवा, आणि सावरले, थोडक्यात वाचले असं झालेलं असेल तर तेही लिहा आणि डॉक्टरांना सांगा.